बंदुकीचा खटका : आवाज आणि अपघात

बडोदे शहराच्या पश्चिमेकडील वासणा हे आता नावापुरतेच खेडे उरले आहे. वासणा-भायली रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती उठल्या असून शेते दूर सरकली आहेत. जुन्या बडोद्यातील मराठी कुटुंबांपैकी एखाद्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळची दुनळी बंदूक परवान्यासह जपून ठेवलेली अजूनही आढळते. गायकवाडांच्या दरबारी जीवनात शिकारीला मोठे स्थान होते. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) बडोद्यास आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने चित्त्यांकरवी होणाऱ्या काळविटांच्या शिकारीची हकिकत लिहून ठेवली आहे. गाडीवर बसवून नेलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडे असे. सावज टप्प्यात आले, ते नीट दिसले, म्हणजेच ते टोपडे काढावयाचे, अशी चित्तेवानांची रीत होती. टोपडे आधीच काढून ठेवले तर चित्ता कोणावर झेप घेईल याचा नेम नसे.

बंदुकीच्या सुरक्षा-खटक्याचे काम या टोपड्यासारखेच आहे. भरलेली बंदूक मनुष्याच्या हातात असताना ती त्याच्या इच्छेवाचून सुटू नये यासाठी तो बसविलेला असतो. तो केव्हा सरकवावा, कसा सरकवावा आणि त्याच्यावर कितपत विसंबावे, याविषयी मात्र परवानाधारकांमध्येही बरेच गैरसमज आढळतात.

येथे एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशात हौसेच्या शिकारीस बंदी आहे. गुजरातेत ज्याला रोझ आणि विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय, तसेच रानडुक्कर, उभ्या पिकाचा नाश करते हे खरे. तथापि त्याला मारण्यास याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची अथवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर व रोही यांच्यापुरता हा अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यांच्या पातळीपर्यंत आणला होता. अशा परवानग्यांच्या अटी वेळोवेळी बदलत असल्याने त्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून समजून घ्याव्यात. परवानगीने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे असते, ही गोष्टही पुष्कळांना ठाऊक नसते. बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची, तर संरक्षण वा खेळ यांसाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद केली आहे. तो परवाना खिशात असला म्हणजे रात्री रानात जाण्याची मुभा मिळाली, असा अर्थ होत नाही.

तेव्हा आजचा प्रश्न पूर्वीच्या हौशी शिकाऱ्याचा नाही. कायदेशीर परवानगी घेऊन ज्वारीच्या, भुईमुगाच्या किंवा उसाच्या कडेला रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याचा, त्याच्या सोबत बसलेल्या गड्याचा आणि पलीकडच्या बांधावर झोपलेल्या शेजाऱ्याचा तो आहे.

माचाणावर किंवा आडोशाला बसलेल्या माणसाची अडचण अशी असते. रानडुकराची नजर मंद, पण नाक व कान अतिशय तिखट. रोहीची तर नजरही तीक्ष्ण. पानांची सळसळ, फांदीची करकर, बेडकाचे डरकणे हे आवाज जनावराच्या रोजच्या ओळखीचे असतात व त्यांना ते फारसे बिचकत नाही. धातूवर धातू आपटल्याचा 'खट्' असा कोरडा आवाज मात्र रानात कधीच उमटत नाही. तो झाला की चरणारे डुक्कर जागच्या जागी थिजते आणि दुसऱ्याच क्षणी पिकात नाहीसे होते. दोन-तीन रात्री असा अनुभव आला की माणूस एक सोपी पण घातक वाट शोधतो. संध्याकाळी माचाणावर चढतानाच तो खटका काढून ठेवतो. मग रात्रभर काडतूस भरलेली, चाप मोकळा असलेली बंदूक मांडीवर पडून राहते. झोपेची गुंगी येते, घोंगडी अंगावर ओढली जाते, तंबाखूची पिशवी काढताना हात इकडेतिकडे जातो. आवाज टाळण्यासाठी केलेली ही युक्ती अपघाताला आमंत्रण देते. म्हणून खटका बिनआवाज हलविण्याचे कौशल्य हे केवळ सावज हुकू नये यासाठी शिकावयाचे नसून, शेवटच्या क्षणापर्यंत तो लावलेला ठेवता यावा यासाठी शिकावयाचे असते.

खटक्याचे प्रकार

खटका कोठे असतो आणि तो नेमके काय अडवितो, हे आपापल्या बंदुकीपुरते प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे. सर्व बंदुकींना एकच नियम लागू पडत नाही.

बारा बोअरच्या नेहमीच्या दुनळीत नळ्या मोडण्याच्या कळीच्या मागे, दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली येईल अशी सरकती पट्टी असते. ती मागे असताना बंदूक बंद व पुढे सरकविली म्हणजे मोकळी. पुष्कळ दुनळींत बंदूक उघडताच ही पट्टी आपोआप मागे येते. पण सगळ्याच दुनळींत तशी सोय नसते, म्हणून ते गृहीत धरू नये. घोडे आत दडलेल्या दुनळींची रचना ज्या धर्तीची असते, ती बर्मिंगहॅम येथे ॲन्सन व डीली या दोघांनी १८७५ साली सिद्ध केली. तिच्यात बंदूक मोडून पुन्हा मिटली की आतले दोन्ही घोडे चढतात. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अशा बहुतेक बंदुकींत खटका फक्त चाप अडवितो, घोडा अडवीत नाही. चढलेला घोडा एका लहानशा खाचेवर अडकलेला असतो. ती खाच झिजलेली असेल, तिच्यात गंज किंवा घट्ट झालेले तेल असेल आणि बंदूक दगडावर आपटली, तर खटका लावलेला असूनही बार उडू शकतो. किमती दुनळींत घोडा अडविणारी दुसरी आकडी असते. खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळणाऱ्या साध्या बंदुकींत ती असेलच असे समजण्याचे कारण नाही.

इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची .३१५ बोअरची रायफल अनेकांच्या परिचयाची आहे. तिचे यंत्र जुन्या लष्करी ली-एन्फिल्डच्या वळणाचे आहे. ली-एन्फिल्डमध्ये खटका मागील बाजूस डावीकडे लहान दांड्याच्या रूपात असतो; दांडा मागे असताना बंदूक बंद, पुढे लोटला की मोकळी. हा खटका मागील टोपण व बोल्ट या दोहोंनाही जखडून ठेवतो, त्यामुळे दुनळीच्या पट्टीपेक्षा तो अधिक भरवशाचा आहे. १८९८ च्या माउझर धर्तीच्या रायफलीत बोल्टच्या शेवटी एक पाकळी असते. ती डावीकडे पाडली असता बंदूक मोकळी आणि उजवीकडे पाडली असता पूर्ण बंद असते. मधोमध उभी ठेवली असता चाप अडतो, पण बोल्ट उघडता येतो. काडतूस बाहेर काढताना हीच मधली जागा उपयोगी पडते. काढतेवेळी चाप मोकळा ठेवण्याची गरज उरत नाही, हा या रचनेचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

राहिली घोडे बाहेर असलेली जुनी दुनळी आणि ठासणीची बंदूक. यांना सरकता खटका सहसा नसतोच. घोडा निम्मा ओढून पहिल्या खाचेत अडकवावयाचा, एवढीच त्यांची सुरक्षितता. ही पहिली खाच पन्नास-साठ वर्षांच्या वापराने इतकी झिजते की हलक्या धक्क्यानेही घोडा निसटतो. ठासणीच्या बंदुकीत याहून वाईट सवय आढळते, ती म्हणजे टोपी चढवून घोडा पूर्ण खाली, टोपीवर टेकवून ठेवण्याची. पाहणाऱ्याला वाटते, घोडा खाली आहे म्हणजे बंदूक शांत आहे. प्रत्यक्षात घोड्यावर झालेला कोणताही आघात थेट टोपीवरच बसतो. ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याने टोपी खिशातच ठेवावी व जनावर ओळखू आल्यावरच चढवावी. टोपी नसलेल्या नळीत दारू भरलेली असली तरी ती घोड्याने पेट घेत नाही.

आवाज न होता

खटका वाजतो तो स्प्रिंगमुळे. अर्धा रस्ता ओलांडला की आतील स्प्रिंग त्याला पुढच्या खाचेत झटक्याने फेकते आणि 'खट्' असा आवाज होतो. हा झटका बोटांनी पेलून धरणे एवढेच त्यातले रहस्य. दुनळीच्या पट्टीवर अंगठा नुसता लोटू नये. अंगठ्याचे पेर पट्टीच्या मागे व तर्जनीचे टोक पट्टीच्या पुढे, अशी ती दोन्ही बाजूंनी धरावी. अंगठ्याने लोटावे आणि तर्जनीने मागे रेटून धरावे, म्हणजे पट्टी उडी न घेता सरपटत जाते. रायफलीचा दांडा किंवा पाकळीही अशीच चिमटीत धरून हळूहळू फिरवावी लागते. यासाठी दोन-तीन सेकंद जास्त लागतात. डुक्कर शांतपणे चरत असेल तर तेवढा वेळ असतोच, आणि ते पळत असेल तर रात्रीच्या अंधारात बार टाकणे मुळीच योग्य नाही.

वारा सुटला, पाने हलली, शेजारच्या पाटात पाणी खळखळले, की तो क्षण साधावा. हाताला ओल असेल तर पट्टी निसटते, म्हणून बोटे पुसून घ्यावीत. थंडीत बधिर झालेल्या बोटांना आपण किती लोटले याचा अंदाज येत नाही. ती आधी काखेत धरून उबवावीत. या सर्व वेळी तर्जनी चापापासून दूर असते हा आणखी एक लाभ होय. ज्या बोटाने चाप ओढावयाचा तेच बोट खटका पेलण्यात गुंतलेले असल्यामुळे घाईत बार उडण्याचा संभव कमी होतो.

जुन्या शिकाऱ्यांची एक युक्ती अजूनही सांगितली जाते. बाहेरचा घोडा चढविताना चाप आधीच ओढून धरावयाचा, घोडा पूर्ण मागे घेऊन मग चाप सोडावयाचा, म्हणजे खाचांवरून जाताना होणारा आवाज होत नाही. आवाज होत नाही हे खरे आहे. परंतु त्या वेळी घोडा केवळ अंगठ्याच्या जोरावर तोललेला असतो. अंगठा घसरला की बार उडालाच. असल्या युक्तीपेक्षा जनावर निघून गेलेले बरे.

काही जण खटका हलका व्हावा म्हणून गावातील लोहाराकडून खाच घासून घेतात किंवा स्प्रिंग काढून टाकतात. ही गोष्ट सर्वथा टाळावी. शस्त्रांची दुरुस्ती करण्यासही कायद्याने परवाना लागतो. शिवाय घासलेली खाच पुढे केव्हा दगा देईल हे कोणीच सांगू शकत नाही. खटका कडक वाटत असेल तर बहुधा त्यात धूळ आणि जुने तेल साचलेले असते. ते पुसून पातळ तेलाचा एक थेंब पुरे होतो. पावसाळ्यानंतर ही सफाई अगत्याने करावी.

सराव घरीच करावा, आणि तो रिकाम्या बंदुकीवर. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, बंदूक उघडून नळी डोळ्यांनी व बोटाने तपासावी, मग दिवा मालवून खटका हलविण्याचा अभ्यास करावा. अंधारात पट्टी पुढे आहे की मागे, हे अंगठ्याच्या स्पर्शानेच कळले पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यास शस्त्रे सुरक्षितपणे वापरण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्या प्रशिक्षणात आपल्याच जातीची बंदूक हाताळावयास मिळावी, असा आग्रह अर्जदाराने धरण्यास हरकत नाही.

केव्हा काढावा, केव्हा लावावा

जिम कॉर्बेट यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या कुमाऊँच्या नरभक्षकांवरील आपल्या पुस्तकात चौगढच्या वाघिणीची हकिकत दिली आहे. १९३० मध्ये ती वाघीण अगदी जवळ समोर आली, तेव्हा त्यांच्या एका हातात पक्ष्याची अंडी होती व दुसऱ्या हातातील रायफलीचा खटका काढलेला होता. रायफल एका हाताने तसूतसूने फिरवून त्यांनी बार टाकला. हे वाचून काही हौशी मंडळी खटका काढूनच चालण्याचा आदर्श घेतात. परंतु कॉर्बेट हे माणसे मारणाऱ्या वाघिणीच्या ताज्या मागावर होते. क्षणाचा विलंब त्यांच्या प्राणावर बेतणारा होता. भुईमुगाच्या शेतातील डुक्कर असा प्रसंग आणीत नाही. त्याच्यापेक्षा अंधारात आसपास वावरणाऱ्या माणसांचाच विचार येथे अधिक करावा लागतो.

पालघर जिल्ह्यात मनोरच्या परिसरातील जंगलात जानेवारी २०२५ मध्ये रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या ग्रामस्थांपैकी एक जण साथीदाराच्याच गोळीस बळी पडला. झाडीत हलणारी आकृती डुक्कर आहे असे समजून गोळी झाडण्यात आली होती. अशा प्रसंगी खटका बिघडलेला नसतो. तो चुकीच्या क्षणी काढलेला असतो. हलणारी सावली दिसली म्हणजे खटका काढण्याची वेळ झाली, हा समज हेच अशा दुर्घटनांचे मूळ आहे. जनावराचे डोके, पाठ, पाय वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. विजेरीच्या उजेडात चमकणारे दोन डोळे पुरेसे नाहीत. गाईचे, कुत्र्याचे डोळेही तसेच चमकतात. जनावराच्या मागे काय आहे तेही दिसले पाहिजे. रायफलीची गोळी मैलापलीकडेही जाऊ शकते. तिच्या वाटेत दुसरे शेत, वस्ती किंवा रस्ता असेल तर बार टाकू नये. एवढे सगळे ठरल्यावर, बंदूक खांद्याला लागून नळी जनावराकडे वळल्यावर, मग खटका काढावयाचा. त्यापूर्वी नाही.

याहून जास्त दुर्लक्ष होते ते खटका परत लावण्याकडे. जनावर आले, खटका निघाला, तेवढ्यात ते झाडीत शिरले. माणसाचे डोळे त्याच्या मागे जातात, बंदूक खाली येते आणि खटका तसाच राहतो. पुढचा अर्धा तास भरलेली, मोकळी बंदूक हातात आहे याचे भान कोणालाच नसते. म्हणून बंदूक खांद्यावरून उतरविण्याआधी खटका लागला पाहिजे. येथे आवाज झाला तरी चालेल. सोबत कोणी असेल तर 'लावला' असे त्याला हळूच सांगण्याची प्रथा पाडावी. दुसऱ्याला सांगावयाचे आहे म्हटले की विसर पडत नाही.

बांध ओलांडणे, काटेरी कुंपणातून जाणे, ओढ्यात उतरणे, माचाणावर चढणे-उतरणे या प्रत्येक वेळी खटका पुरेसा नाही. काडतुसे बाहेर काढलीच पाहिजेत. माचाणावर बंदूक दोरीने चढवावयाची असल्यास ती उघडी व रिकामी असावी, आणि ओढणाऱ्याकडे नळीचे तोंड असू नये. हे कंटाळवाणे वाटते, हे मान्यच आहे. रात्रीतून चार वेळा काडतुसे काढणे-घालणे कोणालाही आवडत नाही. त्यावर उपाय एवढाच की जागा अशी निवडावी की रात्रीतून एकदाच चढावे व एकदाच उतरावे.

निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वीच्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. खटका आपोआप निघाला, ही सबब किती टिकेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तलाठी, वनरक्षक, पोलीस पाटील यांच्याही हाती पंचनाम्याच्या निमित्ताने दुसऱ्याची बंदूक येते. 'रिकामी आहे, खटका लावलेला आहे' असे मालकाने सांगितले तरी त्यावर विसंबू नये. नळी जमिनीकडे किंवा मोकळ्या बाजूस धरून बंदूक आपल्या समोर उघडावयास सांगावे, बोल्ट मागे ओढून कोठा पाहावा आणि अंधार असल्यास करंगळी आत घालून खात्री करावी. रायफलीत मगझीन काढल्यानंतरही एक काडतूस कोठ्यात राहिलेले असू शकते, हे विशेष ध्यानात ठेवावे. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. तिचा गज नळीत सोडून तो किती आत जातो हे बाहेरच्या मापाशी ताडून पाहिल्यास कळते. हे करताना टोपी काढलेली असावी व हात नळीच्या तोंडासमोर नसावा.

शाळांतून राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्यांना .२२ रायफलीचे शिक्षण दिले जाते. बोल्ट उघडा ठेवणे, नळी लक्ष्याच्या दिशेसच ठेवणे, हुकूम होईपर्यंत चापाला बोट न लावणे, ही शिस्त तेथे पहिल्याच दिवशी लावली जाते. शिक्षकांनी याच शिस्तीची गोष्ट इतर मुलांनाही सांगावी. ज्या घरी परवान्याची बंदूक आहे तेथील मुलांना ती कोठे ठेवली आहे हे माहीत असते, असे धरून चालावे. चित्रपटातल्याप्रमाणे चाप ओढून पाहण्याची त्यांना ओढ असते. बंदूक दिसली तर हात न लावता मोठ्या माणसास बोलवावयाचे, एवढेच मुलांना शिकवावे. खटक्याची रचना त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही; 'खटका लावलेला होता' या भरवशावर खेळ सुरू होतात.

पहाटे माचाणावरून उतरण्याआधी नळ्या मोडाव्यात, काडतुसे काढून मोजावीत आणि रात्री नेली होती तेवढीच परत आहेत ना हे पाहावे. बंदूक उघडी ठेवूनच घरी यावे. दंवाने ओली झालेली पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी, पातळ तेलाचा हात फिरवावा, बंदूक कुलुपात व काडतुसे दुसऱ्या कुलुपात ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगू नयेत.